तुझा मंगळवार

प्रिय विदोये,

तब्येत विचारत नाही. नकाशावर सही करण्याइतका तू धडधाकट आहेस, हे काल गावच्या सभेत कळलं.

वीज कंपनीचा माणूस कागद पसरून सांगत होता की यासेनित्सा ओढा बोकडखडकापाशी संपतो. खाली त्याचं पाणीच नाही, तेव्हा खडकाच्या वरूनच तो मोठ्या नळात घालायला कुणाची हरकत नसावी. रादोयका म्हातारी उठली. "मग बाळा, खालच्या सात घरांच्या गायी काय तुझा कागद पितात?" सगळे हसले. त्याने शांतपणे तुझी सही दाखवली. "पाहणी इथल्याच इंजिनिअरने केली आहे, आजी." मग कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

ओढा त्या खडकाच्या पोटात शिरतो आणि आपल्या आलुबुखाराच्या बागेखाली झरा होऊन निघतो, हे तुला मी सांगायचं? लहानपणी तुझी लाल टोपी त्या खडकापाशीच ओढ्यात पडली होती. दिवसभर रडलास, आणि दुसऱ्या सकाळी ती झऱ्यावर सापडली. चुलीजवळ वाळवताना आई म्हणाली होती, "बघ, ओढ्याला घरची वाट कळते. शीक जरा त्याच्याकडून." विसरला असतास तर मी माफही केलं असतं. पण तू विसरलेला नाहीस, संताप येतो तो त्याचाच.

झऱ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या पाणचक्कीचा नियम तुला ठाऊक आहे. प्रत्येक घराचा एक वार, आणि ज्याच्या वाराला पाट उघडायला कुणी आलं नाही त्याचा हक्क पुढच्या घराला. तू शहरात गेलास त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून तुझा मंगळवार मी राखते, हिवाळ्यात बर्फ फोडून, दुखरे गुडघे घेऊन. नाताळला तुला मक्याचं पीठ येतं ते त्याच पाण्यावर दळलेलं. खाताना एकदाही घास अडकला नाही?

येत्या मंगळवारी जिल्ह्याची माणसं येणार आहेत. आम्ही खडकाशी कोंड्याची गोणी ओतणार आणि झऱ्यावर वाट बघणार. कोंडा वर येईल, तुझी सही खोटी ठरेल, आणि ती खोटी आहे हे सांगायला गावाने मला उभं केलंय. मी सांगणार आहे. तुला ते परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. त्या सकाळी मी पाटाला हात लावणार नाही. तू स्वतः येऊन उघडलास, तर खरं काय ते तूच सांग, मी गप्प बसेन. नाही आलास, तर तुझा वार पुढच्या घरच्या रादोयकाचा झाला.

सोमवारपर्यंत तरी तुझीच,
स्तामेनाताई