वेल्समधलं ऊन

८ नोव्हें. ८८
ऑपरेशन थिएटरची लिस्ट लांबली, साउथहॅम्प्टनहून यायला उशीर. ह्यू अजून 'बाहेर'. कुठे ते विचारायचं नसतं. लग्नापासून हा एक नियम पाळतेय, बाकीचे पाळत नाही. कर्नलच्या बायकोने नोकरी करू नये असं ऑफिसर्स मेसमधल्या बायकांचं मत. मी भूल देते. कधीकधी वाटतं, त्यांनाही देऊन टाकावी.

११ नोव्हें.
ह्यू आला आणि दारातच उभा राहिला. सार्जंट केव्हिन गेला.
इथली पद्धत अशी: बातमी सांगायला कमांडिंग ऑफिसर आणि पाद्री जातात. ऑफिसरची बायकोही बरोबर जाते आणि ते निघाले तरी ती मागे थांबते. गाडीत ह्यू म्हणाला, "ट्रेनिंगमध्ये अपघात, वेल्सच्या डोंगरात. एवढंच सांगायचं." माझ्याकडे बघितलं नाही. त्याची मान उन्हाने लालभडक भाजलेली.
केव्हिनची डोना उंबऱ्यातच खाली बसली. मीही तिच्याजवळ फरशीवर.

१५ नोव्हें.
डोनाला केव्हिनला बघायचं होतं, एकटीने जायचा धीर होईना. मला नेलं. ती बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिली. मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा, बाकी हात करपल्यासारखे. मग सरळ विचारलं, "तू डॉक्टर आहेस. नोव्हेंबरात वेल्समध्ये असं ऊन पडतं?"
मी म्हटलं, नाही.
त्यापलीकडे मला काही ठाऊक नाही, आणि सांगितलंही नाही.

१७ नोव्हें.
माझं 'नाही' लंडनला पोचलं. डोनाने विचारायला सुरुवात केली असणार, करायलाच हवी.
ह्यू जेवला नाही. ब्रिगेडियरची जागा जवळजवळ ठरली होती, म्हणजे सगळ्या स्पेशल फोर्सेस याच्या हाताखाली. लेफ्टनंट होता तेव्हापासून त्याची नजर तिथेच. त्यापायी पायाची दोन बोटं बर्फात गेली. बाबा गेले तेव्हा पुण्याला मी एकटी गेले.
म्हणाला, "तू फक्त म्हण की धक्क्यात होतीस, काहीतरी बोलून गेलीस."
"मी रोज माणसं बेशुद्ध करते, ह्यू. मला धक्का बसत नाही."
"आपली माणसं अजून तिथे आहेत, शैला. ठिकाण फुटलं तर मरतील."
हे खरं आहे. म्हणून म्हटलं, ठिकाण नका सांगू. सांगता येत नाही असं सांगा. पण तिच्या नवऱ्याला खोट्या डोंगरावर का मारता?
तो उठून बागेतली पानं गोळा करत बसला. पाऊस पडत होता तरी.

२० नोव्हें., रवि.
इल्फर्डहून ताईचा फोन. "अगं, नवऱ्याचं एवढं मोठं प्रमोशन, आणि तू कसली तत्त्वं घेऊन बसलीस? जस्ट से सॉरी अँड फिनिश इट."
"सॉरी कुणाला, ताई?"
"त्या लंडनच्या जनरलला, आणखी कुणाला."
डोनाचं नाव तिच्या तोंडातही आलं नाही. फोन ठेवला. नंतर रडले, पण रागाने.

२५ नोव्हें.
लंडनहून एक गृहस्थ. फार सभ्य. चकली आवडली, पुन्हा मागून घेतली. मग, "मिसेस हॅलम, इंडियात तुमचे बरेच नातेवाईक आहेत ना?"
"आहेत. आणि मिसेस नाही, डॉक्टर."
कॉरोनरने, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, चौकशीत बोलावलं तर 'आठवत नाही' म्हणालात तरी चालेल, असं सुचवलं. म्हटलं, दहा दिवसांपूर्वीचं न आठवणाऱ्या बाईच्या हाती तुम्ही तुमचं ऑपरेशन द्याल का? हसले. मी हसले नाही.
ह्यू सगळा वेळ खिडकीपाशी पाठमोरा. ते गेल्यावर उरलेल्या चकल्या त्यानेच डब्यात भरल्या.

२ डिसें.
कॉरोनरचं बोलावणं. डोनाचा फोन, "यू डोंट हॅव टू, लव्ह." म्हटलं, येतेय.
भीती वाटते. ह्यूला सैन्यापलीकडे काही येत नाही. साधा बल्ब बदलताना वैतागतो, ही जागा हुकली तर करणार काय? तो गेला, म्हणजे मला सोडून, तर माझं अवघड आहे. तरी 'आठवत नाही' म्हणणार नाही. मला आठवतं.

१२ डिसें.
आज चौकशी. पहाटे उठून साडी नेसले, निळी. कोट घालणार होते, नाही घातला. बघू देत.
ह्यू स्वयंपाकघरात आला. म्हणाला, "मी चालवतो गाडी. रस्त्यावर बर्फ आहे."
"आत येणार?"
"येईन."
मग गाडीची किल्ली उचलून, "सूट घालू की युनिफॉर्म?"
सूट घातला तर बायकोला सोडायला आलेला नवरा. युनिफॉर्म घालून माझ्या शेजारी बसला तर त्याचा अर्थ लंडनला दुपारपर्यंत कळेल. हे माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. म्हटलं, ते तू ठरव.
वर गेलाय. मी खाली चहा घेऊन बसलेय. कपाट उघडल्याचं ऐकू आलं. मग हँगर सरकवल्याचा आवाज, एकदा इकडे, एकदा तिकडे.