माळ्यावरून पडणारी पिवळी पूड

लालबाग, मंगळवार

तीर्थरूप काशीआत्यांच्या पायांवर डोकं ठेवून अक्षदाचा नमस्कार.

आत्या, एखाद्याची ठेव आपल्या घरी असताना बिघडली, तर पत्रात आधी ते सांगावं की आधी तब्येत विचारावी? मला खरंच ठरवता येत नाही. म्हणून दोन्ही एकदम लिहिते. तुमचा गुडघा कसा आहे, आणि तुमचा पाळणा आता राहिला नाही. (कृपा करून पत्र इथेच खाली ठेवू नका. निलेशदादाला तांब्याभर पाणी आणायला सांगा आणि पुढे वाचा.) फोनच केला असता, पण दादा तुमचा फोन स्पीकरवर टाकून ओटीवर ठेवतो, आणि मग अर्धी वाडी आमची खुशाली ऐकते. ही गोष्ट अर्ध्या वाडीने ऐकण्यासारखी नाही. नम्रतावहिनींना कितवा महिना लागला? त्यांना हे पत्र वाचायला देऊ नका.

चैत्रात तुमचा फोन आला, की बारशाला आपल्या घराण्याचा फणसाचा पाळणा पाठवून द्या. त्याच आठवड्यात आमच्या खाटेवर पिवळी पूड पडायला लागली. (म्हणजे मला ती तेव्हा दिसली. कधीपासून पडत होती ते पुढे येईलच.) बारीक, पिठासारखी. सकाळी झटकावी तर संध्याकाळी पुन्हा हजर. आईने विचारलं, तू ग्रॅज्युएट ना, मग सांग हे काय आहे? माझी पदवी भूगोलाची आहे हे मी तिला तीनदा सांगितलं. पण आमच्या मजल्यावर पदवी म्हणजे पदवी; परवा कुशाबा आजोबांनी मला त्यांचा ईसीजी वाचायला दिला होता. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, की घरातली पहिली शिकलेली मुलगी आपण, खाटेवरची धूळ आपल्याला ओळखता येत नसेल तर पंधरा वर्षांच्या फिया कशाला भरल्या?

आधी मी समोरच्या टॉवरला दोषी धरलं. मिलच्या जागेवर बेचाळीस मजले चढतायत, धूळ तिथूनच येणार. आठ दिवस खिडकी बंद, फटीत ओले टॉवेल. बाबांना खोकल्याने आणि आईला उकाड्याने झोप लागेना, पूड मात्र वेळेवर पडत राहिली. मग उदबत्तीची राख असेल म्हणून देवासमोरची उदबत्ती बंद केली. (आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.) मग भिंतीचा चुना असेल म्हणून पुडीवर लिंबू पिळून पाहिलं. चुना असता तर फेस आला असता. फेस आला नाही, आणि लिंबू फुकट घालवलं म्हणून आई पुन्हा बोलायला लागली. शेवटी मी बाबांची काळी छत्री उघडून खाटेवर उलटी टांगली. तासाभरात तिच्यात वरून अलगद पडलेली पूड जमली. वर काय आहे? माळा. माळ्याच्या वर? तुळई. पूड लाकडाची होती. तुळई पोखरली असेल तर आमचं एक घर नाही, सबंध मजला खाली येणार.

आत्या, मी काही लपवून ठेवणाऱ्यातली नाही. त्याच संध्याकाळी मी पालिकेसाठी अर्ज लिहिला आणि मजल्यावर सह्या गोळा करायला लागले. “आमच्या इमारतीच्या तुळया धोकादायक अवस्थेत असून तातडीने पाहणी व्हावी.” पहिली सही बाबांची, एवढी ठसठशीत, की मला त्यांचा अभिमान वाटला. त्यानंतर मजल्याची जी अवस्था झाली ती सांगत नाही. (सांगतेच.) घराघरातून लाटण्याने तुळया ठोकून बघणं सुरू झालं. ललिताकाकूंनी तांब्याचे हंडे बहिणीकडे माझगावला पोचवले आणि नवऱ्याला सांगितलं, की तुमचं बघू नंतर. कुशाबा आजोबा गॅलरीत ट्रंकेवर बसून राहायला लागले. आत शिंक आली तरी बाहेर येऊन शिंकायचे. रात्रंदिवस मला एकच धास्ती, की पाहणीच्या आधी काही झालं तर?

शनिवारी आईने धोंडूमामांना बोलावलं. ते आपल्याच तालुक्यातले जुने सुतार. माळ्यावर चढले, हातोडीच्या मुठीने तुळई ठोकली आणि म्हणाले, “बर्मा साग हा. तुमच्या नातवांका पुरात.” मग त्यांनी बाजूची जुनी चादर ओढली. चादरीखाली तुमचा पाळणा. त्याच्या कडेवर त्यांनी नुसतं बोट वाजवलं तर ओंजळभर पूड पडली. “ह्या पाळण्यात अजून पोरां वाढतत हां, फक्त भुंग्यांची.” आई हसली. मीही हसले, कारण मजला वाचला होता. मग मामांनी पाळण्याचा एक दांडा उजेडात धरला. त्यावर शेकड्याने भोकं, आणि निम्म्या भोकांत मेण भरलेलं. काहींत साबण. कोणीतरी एकेक भोक बुजवत बसलं होतं. आम्ही तिघांनी बाबांकडे बघितलं, आणि बाबांनी खिडकीबाहेरच्या टॉवरकडे.

दोन वर्षांपासून त्यांना माहीत होतं, आत्या. आई बाजारात गेली की ते माळ्यावर चढून पूड झाडायचे. खोकला त्यातूनच आला. मी वैतागून विचारलं, मग अर्जावर पहिली सही कशाला केलीत? म्हणाले, “तुळई पडली असती तर ताईला सांगायला काहीतरी झालं असतं.” काकांची मिल बंद पडून तुम्ही दोघं गावी निघालात, तेव्हा म्हणे तुम्ही टॅक्सीत बसता बसता म्हणालात, “तुळशा, खोली गेली तरी चालात, पाळणो सांभाळ.” बाबा साठीला आलेत. पण तुमचं नाव निघालं की त्यांचा आवाज अजून दुसरीतल्या मुलासारखा होतो.

दांडे पोकळ होते, तळाची फळी हाताला मऊ लागत होती. वहिनींचं बाळ त्यात ठेवणं शक्य नव्हतं, आणि घरात ठेवला असता तर भुंगा तुळईला लागला असता. बाबा कामावर गेल्यावर मी मामांना तो प्लास्टिकमध्ये बांधून न्यायला आणि जाळायला सांगितलं. आईने अडवलं नाही, नुसता नमस्कार केला. संध्याकाळी गॅलरीत उभी राहून मी सगळ्यांना सांगितलं, की पूड आमच्याच घरातली होती, चूक माझी, अर्ज पाठवण्याआधीच फाडला. कुशाबा आजोबा आत गेले आणि मोठ्यांदा शिंकले. ललिताकाकू म्हणाल्या, “ग्रॅज्युएट झालीस गो बाय, आता जरा माळ्यावर पण चढत जा.”

खोलीत आता पूड पडत नाही. दादाला आणि वहिनींना नमस्कार, तुम्ही गुडघ्याला जपा.

तुमची भाची,
अक्षदा

ता. क. – खरी विनंती लिहायची राहिली. येत्या रविवारी बाबा तुम्हाला फोन करून पाळणा टेंपोतून येताना चोरीला गेला असं सांगणार आहेत. दोन दिवस ते आरशासमोर सराव करतायत. (“ताई, एक वाईट बातमी आहे” इथपर्यंत जमतं, पुढे खोकला येतो.) तुम्हाला काहीच माहीत नाही असं दाखवा आणि एवढंच म्हणा, की असू दे रे तुळशा.

ता. क. २ – वरचं पुन्हा वाचलं. सगळ्या मजल्यासमोर खरं बोलायचं आणि घरातल्या दोघांना एकमेकांशी खोटं बोलायला लावायचं, हे मला पटेना. म्हणून आत्ताच सबंध पत्र, ताजा कलम धरून, बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला. मग पाकीट मागून घेतलं. वरचा पत्ता त्यांच्याच अक्षरात आहे, आणि पेटीत टाकायलाही तेच गेलेत.