सगळं काही ‘उत्कृष्ट’

२ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात म्हणे.
कारणही तसंच आहे. ब्लांटायर शहरातल्या मेडिकल कॉलेजने मला ‘बाह्य क्लिनिकल सुपरवायझर’ नेमलंय. त्यांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आमच्या रुग्णालयात काम शिकायला येणार आणि त्यांचं मूल्यमापन करणार मी. तेही कागदावर नाही, कॉम्प्युटरवर. ई-पोर्टफोलिओ! त्यासाठी उद्यापासून दोन दिवस ट्रेनिंग.
प्रसूतिकक्षाची इन्चार्ज सिस्टर नबान्डा, तिलाही नेमलंय. कशाला, ते कळलं नाही.

४ मार्च
ट्रेनिंग संपलं. शिकवायला मॅडम म्बेवे. वयाने आमच्या मुलीएवढी, एनेलेसीएवढी असेल. मी पहिल्या रांगेत. आधी सगळ्यांनी लॉग-इन करा म्हणाली. मी म्हटलं, आधी तत्त्व समजून घेऊ, बटणं काय, कुणीही दाबतं. तत्त्व असं निघालं: विद्यार्थी काम करतो, सुपरवायझर शेजारी उभा राहून बघतो आणि आठवड्याच्या आत लिहितो. काय जमलं, काय सुधारायला हवं. बस्स. एवढ्याला दोन दिवस?
दुपारी जेवायला मक्याच्या पिठाचा न्सिमा आणि चांबो मासा. मासा ताजा होता. त्यानंतरच्या सत्रात डोळे मिटून ऐकलं. एकाग्रता वाढते. बाहेर पडताना सिस्टर म्हणाली, "डॉक्टर, तुमचं ऐकणं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं." मत्सर. दुसरं काय?
पासवर्ड असा ठेवलाय की कुणाच्या बापाला सापडणार नाही.

५ मार्च
पासवर्ड सापडत नाही.

९ मार्च
माझी विद्यार्थिनी आली. थोकोझिरे गोंद्वे. उत्तरेकडची. बारीक, उंच, हातात सतत फोन. सहा आठवडे माझ्याकडे. कारोंगाच्या रुग्णालयात तिची नोकरी जवळजवळ ठरलीय, फक्त निकाल हातात पडायचा आहे. आणि निकाल कशावर? माझ्या मूल्यमापनावर.
तिला म्हटलं, पोरी, तू योग्य माणसाकडे आलीस.
संकल्प: रोज सकाळी अर्धा तास पोर्टफोलिओ. कॉलेजने वर्षातला सर्वोत्तम सुपरवायझर निवडायचं ठरवलं, तर आपण तयार असावं.

१२ मार्च
थोकोझिरे विचारायला आली, "सर, तापाच्या बाळाच्या पाठीतून पाणी काढायचंय. बघायला याल ना?" म्हटलं, येणार म्हणजे येणारच. तेवढ्यात गाडीचं चाक बसल्याचं कळलं. चाक दुसऱ्यावर सोपवता येत नाही, माणसं निष्काळजी असतात. बाळाजवळ दुसरे क्लिनिकल ऑफिसर उभे राहिले. काम छान झालं म्हणे. मग मी नव्हतो त्याने बिघडलं काय?
फोनवर टिंग वाजलं. तिने मूल्यमापनाची विनंती पाठवलीय. सावकाश बघू. गुण घाईत देऊ नयेत.

१९ मार्च
परवा लाइट नव्हते. काल लाइट होते, नेटवर्क नव्हतं. आज लाइटही आहेत, नेटवर्कही आहे, पण मी नाही. चुलतभाऊ गेला, अंत्यविधीला डेड्झाला आलोय. चार दिवस मोडणार. संकल्प माझ्याकडून मोडलेला नाही, याची नोंद असावी.

१ एप्रिल
थोकोझिरे पुन्हा दाराशी. "सर, आठवडा उलटला की त्या विनंत्या लाल होतात." म्हटलं, टोमॅटोही पिकल्यावर लालच होतात. हसली नाही. हल्लीच्या पोरांना विनोद कळत नाही. तरी शांतपणे म्हणाली, "सर, एक तरी बघा. मला चुकलेलं कळायला हवंय. कारोंगाला मी एकटीच असेन." म्हटलं, तू चुकतच नाहीस. नुसत्या चालीवरून ओळखतो मी.
सिस्टर नबान्डा जाता जाता, "काय हो डॉक्टर, ती पोर तुमच्या दाराशी इतकी उभी असते की पेशंट तिला पहारेकरी समजायला लागलेत."
दुर्लक्ष केलं. मोठ्या कामात असं चालायचंच.

१७ एप्रिल
विजय!
आज थोकोझिरेचा शेवटचा दिवस. सकाळी मॅडम म्बेवेला फोन करून नवा पासवर्ड घेतला. (तिसरा. ती मोजते, मी नाही.) आत गेलो तर सगळं लालभडक, जणू वणवा लागलाय. घाबरलो नाही. एनेलेसीला फोन केला. तिने एक वाक्य उचलून दुसरीकडे चिकटवायची युक्ती सांगितली. सगळ्यात वरची विनंती नवजात बाळाची होती. विचार करकरून लिहिलं: ‘उत्कृष्ट. हात स्थिर. आई व बाळ दोघेही सुखरूप.’ मग तेच खाली, त्याखाली, त्याच्याही खाली. चहा निवायच्या आत सहा आठवडे संपले. विज्ञान कुठल्या कुठे गेलंय!
थोकोझिरेने फोन उघडून वाचलं. बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, झालं. तिचे डोळे जरा ओले वाटले. एवढे गुण तिला कुणी दिले नसणार.

२० मे
कॉलेजचं पत्र. पुन्हा एक दिवसाचं ट्रेनिंग. त्यात ‘सुपरवायझरांच्या निवडक नोंदींवर चर्चा’. निवडक! आणखी काय सांगायचं? एनेलेसीच्या आईला कोट इस्त्री करायला सांगितला. ती म्हणाली, "निवडक म्हणजे चांगल्याच कशावरून? तांदळातले खडेही निवडूनच काढतात." बायकांना कौतुक पचत नाही.
छोटं भाषण लिहून ठेवलंय. नम्र आहे. दोनच पानं.

२८ मे
कोट घालून गेलो. पहिली रांग. मॅडमने पडद्यावर नोंदी लावल्या, नावं झाकून. चर्चेला पहिली नोंद: रुग्ण, साठीचा मासेमार. होडीत पडून मनगट मोडलं. विद्यार्थिनीने प्लास्टर घातलं. खाली सुपरवायझरचा अभिप्राय: ‘उत्कृष्ट. हात स्थिर. आई व बाळ दोघेही सुखरूप.’
सगळा हॉल हसून लोळला. मीही हसलो. अगदी मांडीवर थाप मारून. शेजारच्याला म्हटलं, कोण हा गाढव? अभिप्रायाची भाषा मात्र चांगली आहे.
भाषा ओळखीची वाटली तेव्हा हसणं एकदम थांबवता येईना. सावकाश, पायरी पायरीने हसू उतरवलं. मागे वळून पाहिलं. सगळे पडद्याकडे बघत होते. सिस्टर नबान्डा माझ्याकडे.
भाषण खिशातच राहिलं. दुपारी चांबो होता. काटे फार.

३ जून
मॅडमचा फोन. माझी सगळी मूल्यमापनं रद्द. पाठीतून पाणी काढल्याच्या नोंदीतही आई व बाळ, मलेरियाच्या म्हाताऱ्यालाही आई व बाळ. थोकोझिरेचा निकाल अडवलाय, सहा आठवडे पुन्हा करावे लागतील. कारोंगाची जागा दुसऱ्याला दिली.
मी म्हटलं, मॅडम, हा सिस्टीमचा दोष. चिकटवू दिलं कशाला सिस्टीमने? मॅडमने फोन ठेवला. म्हणजे पटलं असावं.
एनेलेसीच्या आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चहा ठेवला. साखर नव्हती. डबा भरलेला होता.

१५ जून
थोकोझिरे परत आली. या वेळी सिस्टर नबान्डाकडे. ओसरीत भेटली. "गुड मॉर्निंग, सर." बस्स. सिस्टीम कशी सदोष आहे ते सांगणार होतो, तर वाटेत रिकामी ट्रॉली आली. ट्रॉली गेली तेव्हा तीही गेली होती.
आता दाराशी कुणी उभं नसतं. काम शांतपणे होतं. काम फारसं नाही, ते सोडा.

२४ जून
प्रसूतिकक्षात एक सही आणायला गेलो होतो. त्याच क्षणी बाळ आलं. निळं. आवाज नाही. आईला रक्तस्राव, सिस्टरचे दोन्ही हात तिकडे. थोकोझिरेने बाळ टेबलावर घेतलं, पुसलं, हनुवटी जरा वर केली, तोंडावर मास्क धरून पिशवी दाबली. छाती हलली नाही. मी शेजारी उभा. काही बोलणार, एवढ्यात तिने स्वतःच मास्क उचलला, पुन्हा नीट टेकवला, गालाशी हवा निसटत होती तिथे बोट दाबलं. पुन्हा पिशवी. छाती वर आली. मग आणखी. मग ते कार्टं असं काही किंचाळलं की सिस्टर तिकडून ओरडली, "आला का गं श्वास?"
तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी मात्र सगळं पाहिलं.
तसाच कॉम्प्युटरवर गेलो. पासवर्ड पहिल्या फटक्यात! मन लावून लिहिलं. पहिल्यांदा मास्क कुठे निसटला, तिने कसं ओळखलं, बोट कुठे ठेवलं, पुढच्या वेळी सुरुवातीलाच काय तपासावं. बटण दाबलं. पडद्यावर आलं: ‘आपल्याला मूल्यमापनाचा अधिकार नाही. आपण पाहुणे आहात.’
पुन्हा दाबलं. पुन्हा पाहुणे.
शेवटी सिस्टरकडे गेलो. तिने हात पुसले, खुर्ची ओढली, म्हणाली, "सांगा, मी टाइप करते. मीही एका डोळ्याने बघत होतेच." मी सांगत गेलो. तिने एकही शब्द बदलला नाही. खाली आपोआप नाव आलं: मूल्यमापन, सिस्टर नबान्डा.
थोड्या वेळाने थोकोझिरे फोन हातात घेऊन आली. मी तिथेच, दारात. थेट सिस्टरकडे गेली. म्हणाली, "सिस्टर, इतकं बारकाईने माझं काम आजवर कुणी बघितलं नव्हतं."
सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.
मग थोकोझिरेने बाळ उचललं, दाराशी आली आणि मला म्हणाली, "सर, जरा बाजूला होता का? याला आईकडे न्यायचंय."
झालो.