मी आलो की बघतो

ता. ५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. होडीला बाहेरून द्यायच्या जेलकोटचा डबा, तो घट्ट करायच्या हार्डनरची बाटली, पॉलिश पेपर, आणि वहिनीने मध्येच कोंबलेले लोकरीचे मोजे. मोज्यांना ॲसिटोनचा वास लागलाय, तरी घातलेत म्हणून सांग तिला. ग्राइंडरने तुझ्या कानांची वाट लावली, फोनवर तुला काही ऐकू येत नाही, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

भोपूची कयाक मागच्या शेडमध्ये दोन स्टुलांवर पालथी घातली आहे. चौदा महिने नुसती भिंतीला टेकून होती. हे म्हणत होते, करवतीने कापू आणि भंगारात देऊ. मी म्हटलं, एक महिना द्या मला. माझं पोरगं बुडालं ते बुडालं, त्याची होडी मी कापू देणार नाही. क्लबातली त्याची मैत्रीण ती चालवायला तयार आहे. नीट करून तिला द्यायची, एवढंच मनात आहे. हे शेडकडे फिरकत नाहीत. शाळेतून आले की भूगोलाचे पेपर तपासत बसतात आणि एकच पेपर दोनदा तपासतात.

तू सांगितल्याप्रमाणे नाण्याने ठोकून पाहिलं. सगळीकडे टणटण वाजते, नाकापाशी मात्र बद्द. तिथे एक भोक आहे, बोट आत जातं. मला वाटायचं, त्या दिवशी खडकावर आपटून पडलं असणार. पण कडेचा रंग खरवडला तर खाली गुलाबी काहीतरी निघालं, खडूसारखं, नखाने भुगा होतो. पुडीत बांधून पाठवलंय. हे काय असतं?

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ आहेच, पत्राचा आळस तेवढा करू नकोस.
तुझी,
चिमी


ता. १३ जानेवारी

चि. सौ. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

पुडी मिळाली. अगं, ही मोटारीची पुट्टी! फायबर आतून तुटलेलं असताना वरून पुट्टी फासायची म्हणजे मोडलेल्या हाडावर पावडर लावण्यातला प्रकार. पुट्टी पाणी पिते, फुगते आणि एक दिवस सुटून पडते. चाळीस वर्षं होड्या बनवतोय मी. माझ्या कारखान्यात कोणी असलं काम केलं असतं तर कान धरून बाहेर काढला असता. कोण हा गाढव? सापडला तर त्याच्या हातात पुन्हा हत्यार देऊ नका.

आता नीट ऐक. गुलाबी सगळं खरवडून काढ. आतल्या बाजूने फायबरचे तीन थर दे, पूर्ण वाळू दे, मगच बाहेरून जेलकोट. हार्डनर शंभराला दोन, डोळ्याच्या अंदाजाने ओतू नकोस. दूध उतू घालवणारी तू, म्हणून दोनदा सांगतो. आणि जेलकोट लावला की वरून लगेच प्लॅस्टिकचा कागद चिकटव. हवा लागली तर तो चिकटच राहतो. तोंडाला मास्क बांध, शेडचं दार उघडं ठेव.

भाऊजींना नमस्कार. लोभ वाढू दे.
दादा


ता. २० जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नेहमीसारखं जेवताना मोठ्याने वाचलं. तुझ्या शिव्या ऐकून हे हसतात, चौदा महिन्यांत तेवढ्यालाच हसलेत. गाढवापाशी आले तर ह्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले की तो गाढव मीच.

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात भोपूने नाक खडकावर आपटलं होतं, मला कळू दिलं नव्हतं. ह्यांनी शेजारच्या गॅरेजमधून पुट्टी आणली, भरली, वर रंग दिला. भोपू म्हणे बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, एक नंबर झालंय. एवढं सांगितलं आणि हे म्हणाले, मीच माझ्या हाताने बुडवला त्याला.

दादा, मी सावरायला हवं होतं. मी नाही सावरलं. तुमच्यामुळे माझं पोर गेलं, असं तोंडातून निघून गेलं. जीभ हासडून टाकावीशी वाटते. चार दिवस झाले, हे धड जेवले नाहीत की बोलले नाहीत.

एक कळत नाही. भिंतीत खिळा ठोकायचा तरी तुला पत्र टाकून विचारणारा हा माणूस. ह्यांना पुट्टी सुचली कशी? विचारलं तर म्हणतात, कोणाला विचारलं नव्हतं. आणि तू मला खरं सांग, गोड करून सांगू नकोस: पाणी तिथूनच शिरलं का?

उत्तर लवकर दे.
चिमी


ता. २७ जानेवारी

चि. सौ. चिमीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. खिळ्यापाशी आलो की पुढे जाता येईना. भाऊजी विचारल्याशिवाय राहिलेच नसते. त्यांनी विचारलं होतं, मला.

त्या आठवड्यात बारा होड्या द्यायच्या होत्या. त्यांचं पत्र आलं, मी उभ्याउभ्या कार्ड खरडलं: पुट्टी भरा, चालून जाईल, मी आलो की बघतो. फायबर तुटलंय का, एवढंसुद्धा विचारलं नाही. विसरूनही गेलो. आलो तो एकदम भोपूला पोचवायला, आणि तेव्हा होडीकडे बघायचं भानही नव्हतं. आणि परवा तुलाच विचारतोय, कोण हा गाढव.

तू खरं विचारलंस. लाटेने उलटला असेल असं म्हणून मला पळवाट काढता येईल. पण नाकातल्या कप्प्यात पाणी भरलं की कयाक नाक खाली घालते, वळवता येत नाही. हो चिमे, बहुतेक तिथूनच शिरलं.

भाऊजींनी माझं नाव घेतलं नाही. का, ते त्यांनाच ठाऊक. मला वाटेल ते बोल, पत्र लिहिणं सोड, पण त्यांना जेवायला घाल.

लोभ असावा असं लिहायला आज तोंड नाही.
दादा


ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार.

तीन आठवडे पेन हातात धरवत नव्हतं.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे उठले, जुन्या नकाशांच्या पुस्तकातून तुझं कार्ड काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. भोपू गेल्यापासून ते तिथे दडवलं होतं. मी विचारलं, माझी एवढी बोलणी खाल्लीत, तरी का दडवलंत? तर म्हणाले, मुलगा तर गेलाच होता, तुझा भाऊ कशाला घालवायचा.

दादा, मी ह्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. माफी मागितली. ह्यांनी एवढंच म्हटलं की जेवायला वाढ, भूक लागली आहे.

मला तुझा राग आहे. खोटं लिहिणार नाही. चूल पेटवताना, केस विंचरताना, मध्येच भडकतो. कमी कधी होईल सांगता येत नाही.

फायबरचे थर आम्ही दोघांनी मिळून दिले. हे बॅटरी धरून आत वाकले होते. परवा जेलकोट लावला, हार्डनर मोजून घातला, आणि ह्यांनी भोपूचं ते एक नंबर झालंय आठवून काढलं. मग कसला प्लॅस्टिकचा कागद आणि कसलं काय, दोघंही तिथेच बसून राहिलो. आता तो चिकटच राहिलाय. ह्यांनी वाळलाय का म्हणून अंगठा लावला, त्याचा ठसा तसाच उमटलाय.

खरवडून पुन्हा करायला हवं, ते मला कळतं. डबा निम्मा शिल्लक आहे. पण मी आता त्याला हात लावणार नाही.

तुझं कार्ड माझ्यासमोर आहे. शेवटी लिहिलंयस, मी आलो की बघतो. मग ये, आणि बघ. हे तुला न्यायला स्टेशनवर येणार आहेत.

चिमी