गॅलरीखालचे दोन अँगल

३ फेब्रुवारी
संकल्प: यंदापासून आपल्या बोर्डांच्या धंद्यात फ्लेक्स बंद, फक्त एलईडी अक्षरं. फ्लेक्स काय, कोणीही छापतो. पहिली ऑर्डरही आली, तीही आमच्याच चाळीतली. तळमजल्यावरचं छत्र्यांचं दुकान गेलं, तिथे हर्षवर्धन चष्म्याचं शोरूम काढतोय. बरोब्बर वर आमची खोली. आता अख्ख्या गिरगावाला कळेल मी काय चीज आहे.

७ फेब्रुवारी
छत्रीवाल्याचा जुना पत्र्याचा बोर्ड उतरवला. मागे दोन जाडजूड लोखंडी अँगल, भिंतीतून तिरके वर थेट गॅलरीच्या तुळईपर्यंत. माझा फिटर शिवा म्हणतो, शेठ, हे बोर्डाचे नाय वाटत, टेकू दिलाय कोणीतरी. म्हटलं, जुन्या लोकांना सगळंच जास्त करायची खोड. अक्षरांच्या आड येत होते, कापायला लावले. दुसरा कापताना वर काहीतरी कडकन वाजलं. शिवा शिडीवरून उतरून बराच वेळ वर बघत राहिला. वेळेची किंमत नाही या माणसाला.

१२ फेब्रुवारी
बोर्ड लागला. झकास! स्टेटसला फोटो टाकला. बायको, अनुजा, म्हणते, आपलं दार खाली घासायला लागलंय. हवा दमट आहे. लाकूड फुगतं.

१५ फेब्रुवारी, सकाळी ९
शेजारच्या सुभद्राकाकूंची तक्रार: गॅलरीत बटाटो ठेवलंय तर गडगडत कठड्याक जाता रे. म्हटलं, काकू, बटाटा गोल असतो.

१९ फेब्रुवारी
तुळईजवळ चीर. समोरच्या टॉवरचं खोदकाम, दुसरं काय! तक्रारअर्ज लिहायला घेतला. शिवाचं तेच पालुपद, टेकू परत लावू, अर्ध्या दिवसाचं काम आहे शेठ. म्हणजे परवाच्या उद्घाटनाआधी बोर्ड उतरवायचा? डोकं फिरलंय का? उद्घाटन होऊ दे, मग बघू.

२१ फेब्रुवारी
उद्घाटन थाटात. फक्त पेढ्यांवर वरून माती पडली. काकूंना सांगितलं, गॅलरी हळू झाडा. त्या म्हणाल्या, चार दिवस मी गॅलरीत पायच ठेवला नाय. जेवताना मी सरकून आतल्या भिंतीला टेकून बसलो. अनुजाने विचारलं, तिकडे का? म्हटलं, पंख्याचं वारं लागतं.

२५ फेब्रुवारी, रात्री
दुपारी गॅलरी बोटभर खाली आली. कोणीतरी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात फोन केला. इंजिनिअर आले, माझ्या बोर्डामागे टॉर्च मारला, भिंतीतली लोखंडाची कापलेली टोकं बघितली. हे कोणी कापलं, एवढंच विचारलं. हर्षवर्धनने माझ्याकडे पाहिलं. मग काकूंनी. मग अनुजाने. टॉवरच्या खोदकामाचा अर्ज खिशातच होता, पण काढवेना.
संध्याकाळी चाळ रिकामी केली. अठरा बिऱ्हाडं पालिकेच्या शाळेत. काकू बाकावर माझ्याकडे पाठ करून बसल्या आहेत. अनुजाही त्यांच्याशेजारी, तशीच.

२७ फेब्रुवारी
वॉर्डातून तातडीची ऑर्डर, एका फ्लेक्सची. 'इमारत अतिधोकादायक आहे. आत जाऊ नये.' जवळपास मशीन माझंच. केला. चाळीच्या दरवाजावर मी स्वतः लावला.
बोर्डाच्या कोपऱ्यात आपलं नाव आणि मोबाईल नंबर टाकायचा, ही धंद्यातली रीत. शिवाने विचारलं, शेठ, कोपरा रिकामा का?
म्हटलं, राहू दे.