मुंढ्याचं माप

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुझा असा राग आलाय की विचारू नकोस. माप घेताना तू प्रत्येक बाईला आधी उकिडवं बसवायचीस, मग उभं करून दोन्ही हात वर करायला लावायचीस. मोखाड्याच्या बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं, बायका पदराआड हसतायत आणि मी शेजारी टेप धरून लाजेनं मरतेय. एकदा म्हटलं, सरळ उभ्या बाईचं माप घे ना! तर सगळ्यांदेखत खेकसलीस, “बाईला काय खुंटीला टांगायचंय?” झालं, पुढे एक अक्षर नाही. अगं, का ते समजावून सांगायला काय झालं होतं तुला?

मग मी क्लासला गेले, मापांचा तक्ता पाठ केला, आणि तुझे ते ढगळ झगे बंद केले. परवा पोशेऱ्याची एक पोरगी आली. कचेरीत कंत्राटावर लागलीय, घरातली पहिलीच नोकरी. “मावशी, हापिसात शोभंल असा कुर्ता शिवा, पोतं नको.” शिवला. पाठ बेताची, काखेभोवतीचा मुंढा आवळ, बाही चापून. काय दिसत होती गं! आरशासमोरून हलेना.

आज रडत आली. सकाळी जीपमधे चढताना दांडा धरला, तेवढ्यात काखेत टर्रकन उसवलं. दिवसभर हात अंगाशी दाबून बसली बिचारी. साहेबांनी वरच्या फळीवरची फाईल मागितली, तर ही नुसती उभी. “कामाची हौस दिसत नाही हिला,” म्हणाले म्हणे. महिनाअखेरीला तिला ठेवायचं की नाही ते ठरणार आहे. “हात वर केला असता तर समदं दिसलं असतं, मावशी. सायबाला काय सांगू?”

मी काय केलं असेल? तिच्यावरच ओरडले! “माप देताना श्वास कशाला रोखलास? म्हणून माप कमी आलं नि उसवलं.” तर ती पोर डोळे पुसत म्हणते, “माझंच चुकलं, मावशी.”

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणून सांगते. श्वास रोखून धर, असं मीच तिला म्हटलं होतं.