थोरली, धाकटी आणि पाण्याकडची खोली

मी, खाली सही करणार, ‘धाकटी’ या लाँचचा निवृत्त तांडेल, वय पंचाहत्तरीला टेकलेलं, राहणार धक्क्यासमोर न्हाव्याच्या दुकानावर, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे लिहून ठेवतो. डोकं शाबूत आहे, दातही बरेचसे आहेत. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. मुलीने आणला, पण तो “बाबा, एक तर तोंडाने बोला, नाहीतर लिहून तरी टाका,” एवढाच होता. तोंडाने जमलं नाही. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे जुनं रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

एवढी घाई कशाची, असं वकील विचारत होते. मला काही झालेलं नाही. जिना अजून एका दमात चढतो. झालंय ते असं, की गादीवाल्या बाई येत्या सोमवारी दुकान बंद करून भाच्याकडे कायमच्या राहायला निघाल्या आहेत. भाचा राहतो तिथे समुद्र सोडाच, धड तळंही नाही. त्यांनी जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे. बाकीची कलमं कायद्याला हवीत म्हणून घातली आहेत. मुद्दा हा एकच आहे.

आता हा कागद पुढेमागे एखाद्या परक्या माणसाच्या हातात पडला, तर त्याला अर्थबोध व्हावा म्हणून थोडा खुलासा करतो. थोरली म्हणजे ती मोठी प्रवासी बोट. सध्या तिला नव्या खोल धक्क्याला कायमची बांधून ठेवली आहे आणि तिचं हॉटेल होतंय. तिला कागदोपत्री भारदस्त नाव होतं, पण बंदरात ते कोणी घेत नसे. ती इतकी अवाढव्य, की आमच्या जुन्या धक्क्याशी तिला येताच येत नसे, पाणी उथळ. ती बाहेर नांगर टाकून झोकात उभी राहायची आणि तिचे प्रवासी, त्यांच्या ट्रंका, टोप्या, रडणारी पोरं आणि निरोपाचे गुच्छ तिच्यापर्यंत पोचवायचं काम माझ्या लाँचचं. म्हणून ती थोरली आणि ही धाकटी. थोरलीने भोंगा दिला की धाकटीच्या फळ्या थरथरायच्या.

दर काही वर्षांनी थोरली खाडीपलीकडच्या गोदीत चढायची. ऑफिसातले लोक त्याला रिफिट म्हणत. आम्ही म्हणायचो, थोरली माहेरी आली. आणि माहेरी आल्यावर लेकीचं व्हावं तसंच तिचं सगळं व्हायचं. नवा रंग, नवे पडदे, नवे दिवे. एका रिफिटला तिला थंड हवेची यंत्रं बसवली आणि त्यापायी सगळ्या गोल खिडक्या बंद करून टाकल्या. एका रिफिटला सिगारेटी ओढायच्या खोलीतलं सुरेख लाकूड उखडून तिथे चकचकीत फळ्या ठोकल्या; सुतार लोक तेव्हा जेवले नाहीत. आणि दर खेपेला दिवाणखान्यातल्या खुर्च्यांची गादी-कापडं बदलायची. त्या खुर्च्या धाकटीत भरून खाडीच्या अलीकडे आणायच्या, गादीवाल्या बाईंच्या दुकानात उतरवायच्या आणि तयार झाल्या की परत न्यायच्या, हे काम माझ्याकडे. खुर्चीसारखा प्रवासी नाही. तिला मळमळत नाही आणि ती “अजून किती वेळ?” असं विचारत नाही.

अशी आमची ओळख झाली. बाईंचं म्हणणं, पहिल्याच खेपेला मी खुर्ची उलटी धरली होती. मी सरळच धरली होती.

कलम १ : घर. धक्क्यासमोरचे तीन खोल्यांचे घर हे माझे स्वतःच्या कमाईचे असून त्यावर कोणाचाही बोजा नाही. त्याची मालकी माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एक मुलीकडे जावी. ती बंदरात क्रेन चालवते, तिचं स्वतःचं घर आहे, आणि तिला जिन्याखालची अडगळसुद्धा नको आहे. तरी मालकी तिचीच. पाण्याकडच्या खोलीपुरता अपवाद आहे, तो कलम ५ मध्ये येईल. मुलीला तो दाखवला. तिने वाचून माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी ती पहिल्यांदा पोहली तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं होतं. मग म्हणाली, “बाबा, अक्षर जरा नीट काढा. त्यांना वाचता यायला हवं.”

कलम २ : धाकटी. थोरली धक्क्यालाच बांधली गेल्यावर मधे पाणी उरलं नाही आणि लाँचचं काम संपलं. कंपनीवाले तिला भंगारात काढणार होते. मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो. बोललो काहीच नाही, नुसता बसलो. रोज. शेवटी साहेब म्हणाले, “घेऊन जा हो ती, पण आम्हाला काम करू द्या.” धाकटीही मुलीला. अट एकच, तिला अंगणात ठेवून तिच्यात फुलझाडं लावायची नाहीत. बोट आहे ती, कुंडी नव्हे.

कलम ३ : गालिचा. थोरलीचा एक हेडवेटर होता. आम्हा लाँचवाल्यांना तो दिवाणखान्याच्या दारातच, गालिच्याच्या काठाशी अडवायचा. “पाय!” एवढंच म्हणायचा, आणि आमच्या पायांकडे असा बघायचा, जणू ते आम्ही कुठून तरी चोरून आणलेत. पुढच्या रिफिटला तोच गालिचा कापून बाहेर फेकला आणि खाडीपार न्यायला धाकटीतच टाकला. त्यातला चांगला तुकडा आज माझ्या झोपायच्या खोलीत आहे. हा गालिचा माझा इंजिनवाला मित्र काजळ्या यास द्यावा. त्याने तो घरी अंथरून त्यावर रोज बुटांसकट चालावं. बूट पुसू नयेत. हेडवेटर आता हयात नाही, पण तत्त्व म्हणून.

काजळ्याशी माझी आयुष्यभर भांडणं झाली, ती इथे मिटवतो. इंजिन तुझं चांगलं होतं, बाबा. पण भोंगा तू उगाच वाजवायचास.

कलम ४ : मखमलीचा वाद. डाळिंबी रंगाच्या रिफिटला बाईंकडे भारी मखमल उरली. धाकटीची बाकडी नुसती लाकडाची, प्रवासी कुरकुर करायचे. मखमल फुकट जाणार, बाकडी उघडी. सरळ हिशेब होता.

बाई म्हणाल्या, “तांडेल, हे दिवाणखान्यातलं कापड आहे. पाण्याचं नाही हं.”

मी म्हणालो, “बाई, माझ्या लाँचमध्ये पाणी येत नाही.”

हे खरं होतं. पाणी लाँचमध्ये येत नसे, लाँचवरून जात असे. बाईंनी बाकड्यांना अशा काही गाद्या केल्या, की धाकटी नवरीसारखी दिसायला लागली. पहिल्याच फेरीला थोरलीचा बँड होता. सगळे पांढऱ्याशुभ्र सुटांत. वाटेत थोडे शिंतोडे उडाले, कोणी विशेष मनावर घेतलं नाही. मग थोरलीच्या शिडीवरून ते एकामागोमाग एक वर चढू लागले आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना त्यांची पाठमोरी बाजू दिसली. डाळिंबी. एकेक बैठक अशी ठसठशीत उमटलेली, की बाईंची शिवणसुद्धा ओळखू यावी. खालून लाँचवाल्यांनी टाळ्या सुरू केल्या. बँडमास्तरला वाटलं, आपल्यासाठीच. त्याने वळून, वाकून नमस्कार केला, त्यामुळे वरच्यांनाही दिसलं. काजळ्या हसता हसता इंजिनावर पडला आणि भोंगा वाजला.

दोष कोणाचा, यावर आजतागायत एकमत नाही. बाई म्हणतात, मी सांगितलं होतं. मी म्हणतो, कापड शिवलं कोणी? हा वाद मी कोणालाही वारसाने देत नाही. तो आम्हा दोघांचाच आहे आणि इतरांनी त्यात पडू नये.

कलम ५ : पाण्याकडची खोली. या खोलीचा तहहयात वापर, विनाअट आणि विनाभाडे, माझ्या पश्चात गादीवाल्या बाईंना राहील. मुलीने वा अन्य कोणी त्यास हरकत घेऊ नये. खिडकीशी शिवणयंत्र नीट बसतं, मी मोजून पाहिलं आहे. उजेड डाव्या बाजूने येतो, तो त्यांना तसाच लागतो. बाहेर धाकटी दिसते, थोडी मान वळवली की थोरलीही. हॉटेलवाल्यांनी तिच्यासाठी तयार खुर्च्या मागवल्या आहेत, प्लास्टिकच्या. म्हणून तर बाईंचं दुकान बंद होतंय. त्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून पडदाही लावला आहे.

मला बाई आवडतात. हे वाक्य वकिलांनी अनावश्यक म्हणून काढायला सांगितलं होतं. काढलेलं नाही.

मुलीची आई जाऊन फार वर्षं झाली. तिच्या शेवटच्या आजारात तिला पडून राहवत नसे, बसवतही नसे. बाईंनी तिच्या पाठीच्या आकाराची उशी शिवून आणली, घरातल्या कोणी न सांगता, नुसतं तिला एकदा बघून. त्या उशीला टेकून ती पुष्कळ दिवसांनी हसली होती. तेव्हापासून मला या बाईंबद्दल आदर आहे. आदराचं पुढे काय काय होत गेलं ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण त्या दुकानावरून जायचं नसलं तरी मी तिकडूनच जातो.

मग विचारलं का नाही, असं कोणीही म्हणेल. मुलगी तर रोज म्हणते. त्याचं असं आहे. लाँचमधून थोरलीच्या शिडीवर पाऊल टाकायचं म्हणजे लाट बघावी लागते. लाँच खाली असताना पाय उचलला तर तो हवेत राहतो, जास्त वर असताना उचलला तर गुडघा फुटतो. दोन्ही बरोबरीला आली की तांडेल ओरडतो, “आता!” आणि माणूस जातो. राण्या म्हणाव्यात अशा बायका, पैलवान, तान्ही बाळं, सगळ्यांना मी ‘आता’ म्हणालो आणि एकही पाण्यात पडला नाही. बाईंसमोर उभं राहिलं की मात्र मला लाटच कळेना. त्या खिळे तोंडात धरून काम करायच्या. खिळे काढले की बोलू, असं ठरवायचो. त्यांनी खिळे काढले की त्या म्हणायच्या, “बोला तांडेल, काय काम काढलंत?” आणि मी म्हणायचो, “काही नाही, सहज.”

साक्षीदारांविषयी. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. वकिलांनी स्पष्ट सांगितलं आहे, की ज्या व्यक्तीला मृत्युपत्रात काही दिलं, तिने साक्षीदार म्हणून सही करू नये. केलीच तर तिला दिलेलं बाद होतं. एक साक्षीदार म्हणून मी खालच्या न्हाव्याला सांगितलं आहे. दुसरी साक्षीदार म्हणून गादीवाल्या बाईंना बोलावलं आहे.

वकील म्हणाले, “अहो, असं कसं करता? त्यांनी सही केली तर तुमचं कलम पाचच जाईल!”

मी म्हणालो, “तेच तर.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि कागदाच्या तळाशी दुसऱ्या सहीसाठी जागा आखून दिली.

तेव्हा बाई, तुम्ही हे वाचत असाल. तुम्ही न वाचता कशावरही सही करत नाही, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचता, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला भाच्याकडे जायचं असेल तर खुशाल सही करा. कलम बाद होईल, मी काही विचारणार नाही, तुम्ही काही सांगायला नको, आणि सोमवारी तुमचं सामान मीच गाडीत चढवून देईन, सरळ धरून. जायचं नसेल तर सही करू नका. मी समोरच बसलो असेन. चहा झाला की पेन पुढे करीन. तुमच्याकडे बघणार नाही, पाण्याकडे बघेन.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतः लिहून, वाचून, समजून त्यावर सही केली आहे.

ठिकाण : घर, पाण्याकडची खोली, खिडकीजवळ
दिनांक : शुक्रवार, दुपारचा चहा

सही : धाकटीचा तांडेल

साक्षीदार पहिला : खालचा न्हावी. वाचलं. उशिरा सुचलं, पण सुचलं. सही करतो.

साक्षीदार दुसरी : मी, गादीवाली. सगळं वाचलं, दोनदा. साक्षीदार म्हणून सही करणार नाही. कलम पाचमधले ‘माझ्या पश्चात’ हे शब्द मी खोडले आहेत. तांडेल गेल्यावर त्या खोलीत येऊन मी बोलू कोणाशी? यायचं तर हे हयात असतानाच येईन. भाच्याला आत्ता इथूनच फोन केला. सोमवारी मशीन घेऊन येते. ते जड आहे, जिन्यावरून दोघांनी उचलावं लागेल. इतकी वर्षं ‘काही नाही, सहज’ म्हणून परत जाणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते इथे कागदावर लिहीत नाही, तोंडावर सांगेन. आणि तांडेल पाण्याकडे बघत नाहीयेत, माझ्याकडेच बघतायत, याची नोंद व्हावी.

वकिलांचा शेरा : मूळ मजकुरात खाडाखोड झाल्यामुळे आणि दुसऱ्या साक्षीदाराची सही नसल्यामुळे हा कागद मृत्युपत्र म्हणून चालणार नाही. पक्षकाराने नव्याने करावे.

पक्षकाराचे म्हणणे : शेरा वाचला, मान्य आहे. मृत्युपत्र नव्याने करायला सध्या मला सवड नाही.

सही : तांडेल